‘भित्रेपणा’ या एका शब्दाविषयी

महोदया,

स. न. वि. वि. न गेलेल्या अमेरिकेविषयी मी जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती येथे जशीच्या तशी देतो: “आईवडिलांची ढाल पुढे करून पुरुष आपला भित्रेपणा किती सहज झाकतात! वडिलांचे सगळे तर तुमच्या बहिणीनेच केले, हे तुमच्याच लेखात आहे. पुण्याच्या त्या मुलीला मात्र, थांबशील का, एवढेही तुम्ही विचारले नाहीत. आणि हो, १९९९ साली अमेरिकेची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात नव्हती.”

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या लिंकन हाउसमध्ये होती. संकुलात ती २०११ मध्ये गेली. महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरून, खाऱ्या वाऱ्यात हातातली फाइल सांभाळत मी ज्या रांगेत उभा होतो, तीच जागा माझ्या हातून चुकीची लिहिली जावी, याची मला लाज वाटली. लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवलेली चूक मी मान्य करतो, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ‘भित्रेपणा’. एका माणसाच्या एका निर्णयाविषयी लिहिताना ‘पुरुष’ हे अनेकवचन कशासाठी, आणि त्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह कशासाठी, हे मला कळलेले नाही. मतभेद असू शकतो. मात्र ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, त्याला भित्रा ठरवण्याआधी तो कशाला भ्याला, एवढे तरी सांगण्याची रीत आहे.

आपण ज्या काळावर इतक्या ठामपणे निकाल देता, तो काळ मी पाहिला आहे. वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताच संगणक तारखांत गोंधळतील याची, धास्ती होती. वर्षाचे दोनच आकडे साठवणारे कोबोल या संगणकभाषेतले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला माणसे मिळत नव्हती. अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली होती. माझ्या वर्गातली जी मुले तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री रडत असत, तीसुद्धा न्यू जर्सीला गेली. (त्यांतले दोघे २००१ मध्ये बेंचवर, म्हणजे कामाविना, बसले आणि परत आले, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा जाणे हाच प्रवाह होता, आणि प्रवाहाबरोबर वाहायला धैर्य लागते, असे मी तरी ऐकलेले नाही. पासपोर्टावर व्हिसा चिकटवलेला असताना, वडिलांची उजवी बाजू आणि वाचा एका रात्रीत गेली म्हणून सांगलीत राहायचे, आणि पुढची पंचवीस वर्षे प्रत्येक लग्नकार्यात ‘का रे गेला नाहीस?’ याला हसतमुखाने उत्तर द्यायचे, याला तुम्ही काय म्हणता? २००५ च्या महापुरात छातीइतक्या पाण्यातून शेजारच्या आजींना मी खांद्यावर घेऊन बाहेर काढले आहे. हे सांगायची वेळ यावी, याचेच वाईट वाटते. पण शब्द तुम्ही वापरलात, मी नव्हे.

ताईविषयी तुम्ही जे लिहिले ते मीच लिहिलेले आहे, त्यात तुमचा शोध काही नाही. तिने वडिलांना भरवले, उजव्या हाताचे व्यायाम करून घेतले, त्यांच्या खुणा घरात तिलाच कळत, आणि त्या वर्षी आलेले स्थळही तिने आपणहून परत पाठवले. कोणी नाकारले आहे? पण चमचा धरला तरच सेवा, असे थोडेच असते? बँक, पेन्शन, मिरजेच्या डॉक्टरांकडच्या खेपा, आणि घरात एक कर्ता माणूस आहे हा आधार, या गोष्टींना काहीच किंमत नाही का? ताईची याविषयी कधीही तक्रार नाही. मी विचारलेले नाही, पण असती तर ती बोलली असती.

राहता राहिले पुण्याच्या ‘त्या मुलीला विचारले नाहीत’. हा दोन माणसांमधला विषय आहे, त्यात तिसऱ्याने पडू नये, तुम्ही तर नाहीच नाही. इतकेच सांगतो की काही गोष्टी विचारायच्या नसतात, समोरच्याने समजून घ्यायच्या असतात. तिच्या विमानाला एकोणीस दिवस होते. मी पुण्याला गेलो नाही, कारण जाण्यासारखी परिस्थिती नव्हती, पत्र टाकले. आठ ओळींचे होते. त्यात विचारण्यासारखे काही नव्हतेच, कळवायचे होते ते कळवले. उत्तर आले नाही, यात मी तिला दोष दिलेला नाही, हे लेख नीट वाचला असतात तर दिसले असते.

वकिलातीचा पत्ता पडताळण्याइतके बारकाईने वाचणाऱ्या व्यक्तीने शब्दही त्याच बारकाईने निवडावेत, ही अपेक्षा अवाजवी नसावी. पत्ता सुधारला आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.

कळावे.