आधी कोट की आधी हात?

संपला एकदाचा मेडिकल कॉलेजचा ओरिएंटेशन वीक. नातेवाईकांच्या सगळ्या ग्रुपवर पांढऱ्या कोटातले फोटो फिरून झाले, "आमची डॉक्टर" वगैरे कमेंट्स पण आल्या, अजून रेडियस आणि अल्ना या कोपराखालच्या दोन हाडांत माझा गोंधळ होतो पण ते जाऊ दे. मला जरा वेगळंच बोलायचंय, आणि कॉलेजमधलं कोणी वाचत असेल तर खुशाल वाचू दे.

आठवडाभर मुख्यतः भाषणं झाली. तुम्ही निवडक आहात, हा धंदा नाही व्रत आहे, समाजाच्या तुमच्याकडून फार अपेक्षा आहेत... नंतर नंतर तर पुढचं वाक्य काय येणार हे मागच्या बाकावरची पोरं आधीच कुजबुजत होती. लायब्ररी, हजेरीचे नियम, अँटी-रॅगिंग हे सगळं पण झालं, ते लागतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आणि मग व्हाईट कोट सेरेमनी! स्टेज, फुलं, फोटोग्राफर, नाव पुकारलं की वर जायचं, सरांनी कोट चढवायचा, शेवटी सगळ्यांनी मिळून शपथ.

हा सोहळा फार जुना आहे असं मला वाटायचं, तसं नाहीये. आत्ता ज्या रूपात तो ठिकठिकाणी होतो तो १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू झाला, अर्नोल्ड गोल्ड नावाच्या लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टने सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की डिग्री घेताना शपथ दिली तर चार वर्षं उशीर झालेला असतो, तोवर सवयी पडून गेलेल्या असतात, त्यामुळे शपथ सुरुवातीलाच द्या. मुद्दा शंभर टक्के पटतो मला. आम्ही जिनिव्हा घोषणेवरची, म्हणजे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची शपथ घेतली, मूळ १९४८ ची, पण डॉक्टरने स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष द्यायचं हे तिच्यात आलं थेट २०१७ मध्ये. त्या ओळीला हॉलमध्ये खसखस पिकली, कारण सकाळपासून कोणाला धड पाणी प्यायलाही सोडलं नव्हतं.

तर तक्रार कोटाबद्दल नाही, कोटाला अख्खी दुपार आणि हात धुण्याला शेवटच्या दिवशी उरलासुरला वेळ, याबद्दल आहे. तेव्हा अर्धी बॅच बाहेर रील बनवत होती.

ते सेशन इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांनी घेतलं. स्लाइड्स नाहीत, भाषण नाही. प्रत्येकाच्या तळहातावर थोडं जेल दिलं, म्हणाल्या नीट चोळा आणि घरी धुता तसे हात धुऊन या. आलो धुऊन. मग लाइट बंद केले आणि यूव्ही दिवा हातावर धरला, जिथे जेल राहिलंय तिथे त्यात चमकतं. तळहात स्वच्छ, आणि अंगठे दोन्ही चमकतायत! नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, एकाच्या तर घड्याळाच्या पट्ट्याखाली अख्खी गोल रेघ. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "अंगठा कोण धुणार बाळा, पेशंट?" परत पाठवलं. साबणाने धुवायचं तर ४० ते ६० सेकंद, अल्कोहोल रब असेल तर २० ते ३०. ऐकायला काहीच नाही, पण बेसिनपाशी उभं राहून ४० सेकंद मोजून बघा, मागे रांग लागलेली असताना तर संपता संपत नाहीत.

मग त्यांनी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १८४७, व्हिएन्ना. बाळंतपणाचे दोन विभाग, एकात सुईणी शिकायच्या, दुसऱ्यात मेडिकलचे विद्यार्थी, आणि बाळंतिणी जास्त दगावायच्या त्या विद्यार्थ्यांच्या विभागात. कारण पोरं पोस्टमॉर्टेम करून तशीच उठून बायका तपासायला जायची. सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपकन खाली आले. तरी त्याचं म्हणणं बऱ्याच डॉक्टरांनी मानलंच नाही, १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. आता हे ऐकताना डोक्यात एकच, ती पोरं आमच्याच वयाची असणार, त्यांनाही कोणीतरी तुम्ही निवडक आहात म्हणून सांगितलं असणार. आणि आमचं डिसेक्शन, म्हणजे मृतदेह कापून शिकणं, सोमवारपासून!

गंमत म्हणजे ज्या कोटाचं एवढं कौतुक चाललंय त्याच्या बाह्या जंतू वाहून नेऊ शकतात, म्हणून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्ये पेशंटपाशी कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम आणला आणि तिथे लांब बाह्यांचा पांढरा कोट मागे पडला. हे सेरेमनीत कोणी सांगितलं नाही, साहजिक आहे.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं, सेशन पण भारी होतं, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि खोली ५ ते ६ सेंटीमीटर, पुतळ्यावर दोन मिनिटांत मनगटं भरून येतात. तेही घाईघाईत उरकलं, बऱ्याच जणांची पाळीच आली नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टी हाताला शिकायच्यात त्यांना वेळ द्या, व्रत आणि समाज वगैरे आम्ही पुढची कित्येक वर्षं ऐकणारच आहोत, ऐकवणाऱ्यांची कमी नाही.

फीडबॅक फॉर्ममध्ये हॉलची सजावट कशी वाटली असा प्रश्न होता. मी त्याच चौकटीत लिहिलंय की पुढच्या बॅचला सिस्टरांचं सेशन पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, ज्याचे अंगठे चमकणार नाहीत त्यालाच कोट द्या, आणि डिसेक्शन हॉलबाहेर दोन बेसिन वाढवा, त्यातल्या एकाला तरी कोपराने उघडणारा नळ लावा.