देव नव्हे, कार्ड पाण्यात

कॉम्प्युटरमध्ये गेमची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला पाण्याने थंड करायचं, तेही स्वस्तात आणि डोक्याला ताप न होता, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "विजेच्या वस्तूत पाणी?" पुढे मी जे काही वाचलं आणि ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतलं कुणीही या प्रश्नाच्या फार पुढे गेलेलं नव्हतं.

कार्ड सेकंड-हँड. २०१७ सालचं, २५० वॅट खाणारं. पंखा एकच आणि तोही ब्लोअर जातीचा, म्हणजे डब्यातली हवा ओढून मागच्या जाळीतून फेकणारा. मे महिन्यात इथे गोव्यात, वाळपईत, खोलीतच ३३-३४ अंश असतात. त्यात गेम लावला की कार्ड ८४ अंशांवर जाऊन ठाण मांडायचं आणि मग आपणहून वेग कमी करायचं. आवाज इतका, की फोनवर पलीकडचा माणूस विचारायचा, "बसमध्ये आहेस का?" धूळ काढली, चिपेवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, व्होल्टेजही थोडं खाली आणून पाहिलं. तापमान जरा उतरलं, बस काही थांबेना.

मडगावच्या एका दुकानात चौकशी केली. "कूलर पाहिजे? चाकांचा की खिडकीतला?" मी म्हटलं, कॉम्प्युटरसाठी. त्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशीसाठी छत्री मागत होतो. खरं तर गोव्यात तो खसच्या ताट्यांचा कूलर विकायलाच धाडस लागतं. इथल्या दमट हवेत त्याने खोली थंड होत नाही, नुसती ओली होते.

मग अभ्यास सुरू झाला. सगळ्यात खानदानी प्रकार म्हणजे कस्टम लूप. कार्डावर तांब्याचा ब्लॉक, तिथून नळी रेडिएटरकडे, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीकडे, मध्ये पंप आणि पाण्याची टाकी. फोटोत हे प्रकरण फार देखणं दिसतं, जांभळं पाणी वगैरे. मी कागद घेऊन बेरीज करायला बसलो. पूर्ण कार्ड झाकणारा ब्लॉक त्या-त्या कार्डाच्या मापाचाच येतो, म्हणजे उद्या कार्ड बदललं की ब्लॉक माळ्यावर. मग पंप, टाकी, रेडिएटर. आणि फिटिंग्ज! त्यांचा हिशेब आधी कुणीच धरत नाही. नळीच्या प्रत्येक टोकाला एक लागतं, आणि नळ्यांना टोकं किती असतात ते बिल आल्यावर कळतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पैसे एक वेळ सोडा. पाणी डिस्टिल्ड हवं, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात म्हणून गावातही मिळतं. पण त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषध घालायचं, साधारण वर्षाने पाणी बदलायचं, आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर चुकूनही जोडायचा नाही, नाहीतर दोन धातूंचं आपसात बिनसतं आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेवर बुरशी येते, कमरेच्या पट्ट्यावर येते, लग्नाच्या अल्बमवर येते. तिने त्या जांभळ्या नळीकडेच पाठ फिरवावी, असं तिचं-माझं काही नातं नाही. शिवाय सगळं जोडल्यावर गळती बघायला नुसता पंप २४ तास चालवून ठेवायचा म्हणतात. २४ तास सलग वीज! जूनमध्ये! ज्यांनी हा नियम केला त्यांच्या अंगणात वाऱ्याने तारेवर पडणारे माड नसावेत.

दुसरं टोक म्हणजे शुद्ध जुगाड. प्रोसेसरसाठी मिळणारा, कारखान्यातूनच पाणी भरून बंद केलेला कूलर घ्यायचा आणि त्याचा पंप प्लॅस्टिकच्या केबल टायने कार्डावर आवळून बांधायचा. लोकांनी हे खरोखर केलंय आणि वर्षानुवर्षं चालवलंय. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण रात्री अडीच वाजता 'टक्' असा आवाज होऊन टाय तुटेल, या विचाराने मला झोप लागली नसती.

शेवटी मधला रस्ता सापडला. तोच बंद कूलर, पण केबल टायऐवजी लोखंडी ब्रॅकेट, म्हणजे पंप कार्डावर घट्ट धरून ठेवणारी चौकट. एनझेडएक्सटी कंपनीचं क्रॅकेन जी१२ हे त्यातलं नावाजलेलं. असेटेक कंपनीच्या बनावटीचा गोल डोक्याचा पंप त्यात बसतो, आणि कार्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागावर वारा घालायला ९२ मिलिमीटरचा एक पंखा त्याच्यावरच असतो. तो पंखा महत्त्वाचा. पंप फक्त मधली मोठी चिप थंड करतो. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघायचं. ब्रॅकेट जुनंच मिळालं, कूलर २४० मिलिमीटरचा नवा. ना पाणी भरायचं, ना बदलायचं.

सामान टेबलावर मांडून बसलो असताना शेजारचे काका डोकावले. "कितें चल्लां रे?" काकांचं अर्धं आयुष्य सत्तरी तालुक्यात काजूच्या फेणीच्या भट्टीवर गेलेलं. मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनीच बोट ठेवत ठेवत मला सांगितलं: "म्हणजे भट्टीच की! हे तुझं भाण, रस तापवायचं भांडं, इथे तापणार. ही नळी. आणि ही लावणी, वाफ गार होऊन जमते ते मडकं. आम्ही लावणीवर गार पाणी ओततो, तू पंखे लावलेस." आजवर कुठल्याही व्हिडिओत मला इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण ती गरमी शेवटी जाते कुठे?"

"खोलीत."

"म्हणजे पैसे देऊन कार्डातली गरमी काढायची आणि आपल्या अंगावर घ्यायची?" थोडं थांबून म्हणाले, "भट्टीतून शेवटी बाटली तरी भरते, बाबा."

यावर उत्तर नव्हतं. २५० वॅट ते २५० वॅटच. पाणी फक्त हमाली करतं. बाबांची शंका वेगळी होती, की थंड पाण्यामुळे पावसाळ्यात नळ्यांना बाहेरून घाम सुटेल. तो मात्र सुटत नाही. रेडिएटरवर खोलीतलीच हवा फिरते, त्यामुळे आतलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. मेमध्ये तर ते चांगलं कोमट असतं.

खरं काम निघालं मेमरीच्या चिपांचं. अकरा चिपा, आणि प्रत्येकीवर नखाएवढा तांब्याचा तुकडा चिकटवायचा. आधी चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. ते संपलं तेव्हा काकांनी उदारपणे फेणी देऊ केली. मी म्हटलं, फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, मला ९९ लागतं. काकांचा चेहरा असा पडला की माफी मागावीशी वाटली. तुकड्यामागचा कागद नखाने सुटेना. सुटला की तुकडा बोटाला चिकटे. बोटावरून काढून चिपेवर दाबला की शेजारचा तिरका होई. हे करताना तोंडाने काहीही न बोलणारा माणूस मला एकदा बघायचा आहे.

सगळं आवळलं. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला, पंपापेक्षा उंच, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा वर राहतो आणि पंप गुरगुरत नाही. देव पाण्यात ठेवले नाहीत, कार्डच ठेवलं होतं. बटण दाबलं. गेममध्ये तासभर झाला तरी पारा साठीच्या आत. आणि शांतता; फोनवरच्या माणसाला वाटलं, लाईन कट झाली.

कॅबिनेटच्या डोक्यावरून मात्र अखंड कोरडा, उबदार वारा वाहू लागला, आणि तो आईच्या नजरेतून सुटला नाही. जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, नुसते वास बदलतात. आधी माझे मोजे आले, मग नॅपकिन, मग शेजारी खुर्ची ओढून उशांचे अभ्रे. "दिवसभर काय तो गेम" म्हणणारी आई आता दारातून विचारते, "आज खेळत नाहीस? चादर दमट आहे अजून."

ही बातमी काकांकडे गेली, आणि पाऊस लवकर आल्याने अर्धवट वाळलेली कोकमाची सोलं सुपात भरून ते हजर झाले. वर ठेवतो म्हणाले. मी आडवाच झालो. त्यातलं मीठपाणी जाळीतून खाली कार्डावर गळलं असतं तर सारं मुसळ केरात.

"मग बरंच आहे," काका सूप पुढे करत म्हणाले, "तुझी ती गळती बघायची राहिलीच होती ना?"