‘वेगळी खोली, साखर बंद, ताप आला तर गोळी’ : केमोवरच्या फॉरवर्डला उत्तर

कॅन्सरवर केमो (केमोथेरपी) घेणाऱ्यांच्या नवऱ्या-बायकोसाठी म्हणून सूचनांची एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. रुग्णाची खोली आणि ताटवाटी वेगळी करा. साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. शहाळ्याचं गरम पाणी पाजा. रात्री ताप आला तर पॅरासिटामोल देऊन सकाळी बघा. सदैव हसतमुख राहा. शेवटची केमो झाली की सगळं संपलं. यातला तापाचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच घेऊ.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की जंतुसंसर्ग होऊनही पू धरत नाही, सूज फारशी दिसत नाही. बऱ्याचदा ताप ही एकच खूण उरते आणि पॅरासिटामोल नेमकी तीच झाकतं. तोंडात थर्मामीटर धरून 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, एकदा जरी दिसलं तरी रात्री दोन वाजता सुद्धा निघायचं. ताप नसताना हुडहुडी भरली तरीही निघायचं. शिरेतून अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात, हे उद्दिष्ट असतं. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात (गोवा मेडिकल कॉलेज) पोचण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे घरी वाट बघायला वाव नाही. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. पिशवी आधीच भरून ठेवा: केमोची फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, चालू गोळ्या, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोव्याच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच असू द्या: “केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप 101 आहे.” नुसतं “ताप आलाय” म्हटलंत तर साध्या तापाच्या रांगेत बसवलं जाण्याचा धोका असतो.

आता वेगळी खोली. कॅन्सर लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर झोपल्याने तो होत नाही. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनचाही अंश शरीरात उरत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर मात्र काही दिवस अंतर खरोखरच पाळावं लागतं, आणि ते किती हे रुग्णालय सांगतं. केमोच्या औषधाचा अंश डोसनंतर सुमारे 48 तास, काही औषधांत त्याहून जास्त वेळ, लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. तेवढ्यापुरतं हे पाळा: साफ करताना हातमोजे, झाकण लावून दोनदा फ्लश, पुरुषांनी बसून लघवी, खराब झालेले कपडे वेगळे धुणं. गरोदर बाईला हे काम देऊ नका. शरीरसंबंधाची मनाई नसेल तर या दिवसांत कंडोम वापरा. बाकी हात धरणं, मिठी मारणं, शेजारी निजणं यात काहीही वावगं नाही. आजारी माणसाला स्वतःच्याच घरात अस्पृश्यासारखं वागवणं ही क्रूरता आहे, आणि तिला वैद्यकीय आधार नाही.

लांब ठेवायचं ते सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना. चवथ (गणेशचतुर्थी) नेमकी केमोनंतरच्या, पेशी कमी असलेल्या दुसऱ्या आठवड्यात आली तर घर भरलेलं असणारच. “बरं नसेल तर यंदा येऊ नका” हा फोन नवऱ्याने किंवा बायकोने करावा; रुग्णाला तो करायला लावू नये.

साखरेचा मुद्दा अर्धवट माहितीतून आला आहे. गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, हे खरं. पण तुम्ही साखर तोडलीत तरी यकृत ग्लुकोज बनवतंच, आणि खाणंच कमी पडलं तर त्यासाठी स्नायू झिजतात. वजन घसरलं की केमोचे डोस पुढे ढकलावे लागू शकतात. गरज प्रथिनांची असते: किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 66 ते 82 ग्रॅम. नुसत्या उकड्या तांदळाच्या पेजेवर हे भागत नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच, 100 ग्रॅम बांगड्यात सुमारे 20. मासळी ताजी आणि पूर्ण शिजलेली हवी. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) नकोत. वासाने मळमळत असेल तर जेवण कोमट करून द्या, थोडं थोडं दिवसातून सहा वेळा. जिभेला धातूची चव लागत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा द्या. तोंड आलं असेल तर सोलकढी थांबवा आणि पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा व त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भरायला द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर मधुमेहींची साखर बरीच वाढते.

शहाळ्याच्या गरम पाण्याचा संदेश टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर फिरला होता. तो खोटा असल्याचं रुग्णालयानेच जाहीर केलं. शहाळं आवडत असेल तर प्यावं, औषध म्हणून नव्हे.

हसतमुख राहण्याच्या सल्ल्याने दोघांचंही नुकसान होतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांच्या 2007 च्या अभ्यासात मनःस्थिती आणि आयुर्मान यांचा संबंध आढळला नाही. म्हणजे रडल्याने गाठ वाढत नाही. “भीती वाटते” असं रुग्ण म्हणाला तर “काही होणार नाही” असं म्हणून विषय मिटवू नका. “कशाची जास्त वाटते?” असं विचारा आणि ऐकून घ्या.

शेवटच्या केमोनंतर थकवा कित्येक महिने राहू शकतो, बोटं बधिर राहू शकतात. सकाळच्या उन्हाआधी दहा मिनिटं चालणं सुरू करून हळूहळू वाढवा. बधिर हातांना चटका कळत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी तुम्ही तपासून द्या आणि चुलीवरची पातेली तुम्हीच उतरवा. शर्टाची बटणं लावता येत नसतील, पायातली चप्पल निसटलेली कळत नसेल, तर पुढच्या तपासणीला हे याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.