‘बीएनपी नॉर्मल म्हणजे हृदय ठीक’: खुलासा

‘बीपी असणाऱ्यांनी बीएनपी ही रक्ततपासणी करावी, नॉर्मल आली तर हृदय वाढलेलं नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) नको,’ असा मेसेज फिरतोय. कृपया त्यावर विसंबू नका.

हृदयाच्या स्नायूवर ताण आला की बीएनपी हे हृदयात तयार होणारं संप्रेरक रक्तात वाढतं, एवढं खरं. पण एनटी-प्रोबीएनपी या त्याच्याच जोडीच्या तपासणीच्या रिपोर्टवर दिसणारी १२५ ची मर्यादा हार्ट फेल्युअरची (हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकण्याची) शंका तपासण्यासाठी आहे. बीपीमुळे बहुधा आधी डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, आणि तेव्हा हा आकडा नॉर्मलही असू शकतो. लठ्ठपणात तो मुळातच कमी येतो. उलट वाढतं वय, किडनीचा आजार, अनियमित ठोके यांनी तो चढतो. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरूही नका.

जाडी दिसते ती इकोत. पडद्यावर भिंतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून मिलिमीटरमध्ये मोजतात: नॉर्मल साधारण ६ ते १०. तिथे १३ आले, तर बीएनपी कितीही चांगलं असो, भिंत जाडच आहे.

धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर बीएनपी फार उपयोगी. इको कुणाला हवी, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.