आठ वर्षांच्या मुलीच्या हातात डीएसएलआर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलीला खरा कॅमेरा (डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) देणं ही आईबापांची हौस, तिला मोबाइल पुरे, शटर-ॲपर्चर (उजेड किती वेळ आणि लेन्सच्या किती मोठ्या छिद्रातून आत घ्यायचा ते) तिच्या डोक्यावरून जाणार आणि महागाची वस्तू फुटणार, असं तुमचं म्हणणं. खर्चाची काळजी रास्त आहे. बाकीचं मला पटत नाही.

मोबाइलवर फोटो छान येतो, पण तो छान का आला हे मुलाला कळत नाही. उजेड किती घ्यायचा, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं फोन परस्पर ठरवतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमीसुद्धा बहुतेकदा सॉफ्टवेअरनेच केलेली असते. डीएसएलआरवर हे निर्णय पोर स्वतः घेतं आणि परिणाम लगेच पाहतं.

माझी मुलगी शटरस्पीड शिकली ती अंगणातल्या नळावर. कॅमेरा स्टुलावर टेकवलेला, नळ अर्धवट सोडलेला. १/१००० सेकंदाला थेंब न थेंब सुटा दिसला, १/१५ ला तीच धार सलग, दुधाळ. कॅमेऱ्यात नुसतं १००० आणि १५ दिसतं, म्हणून तिने विचारलं, "आकडा मोठा, मग वेळ कमी कसा?" अपूर्णांक शाळेत शिकवले नव्हते. थोड्या वेळाने तिनेच उत्तर दिलं: एका भाकरीचे जास्त तुकडे केले तर तुकडा लहानच येणार.

ॲपर्चर आजीच्या चेहऱ्यावर उमगलं. ५० मिमीची लेन्स, एफ १.८ (म्हणजे छिद्र मोठं उघडलेलं), अंतर जेमतेम अर्धा मीटर. नाक लख्ख, डोळे धूसर. एवढ्या जवळून सेंटिमीटरभर खोलीही फोकसमध्ये राहत नाही. मग एफ ८ ला, म्हणजे छिद्र लहान करून, तोच फोटो. घरात उजेड कमी पडला, तेव्हा मुलीने आजीला उठवून खिडकीपाशी बसवलं. उजेडाकडे बघायला ती तिथे शिकली, मी काही सांगायच्या आधी.

रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) मात्र मी मुद्दाम शिकवत नाही. सव्वा मीटर उंचीवरून तिला जे जग दिसतं ते आपल्याला दिसत नाही, आणि चौकटीचे नियम आधी शिकवले तर ती आपल्यासारखे फोटो काढू लागेल. फ्रान्सच्या लार्तीग या छायाचित्रकाराला वडिलांनी कॅमेरा दिला तो १९०२ च्या सुमारास, तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. घरची माणसं, उड्या, धावपळ, हेच त्याचे विषय. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, त्यात त्याच्या पोरवयातले फोटोही होते. शंभर वर्षं उलटली तरी ते ताजे वाटतात.

आता खर्च. नवा कॅमेरा घेऊच नका. जुना, साधा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स बऱ्या मोबाइलपेक्षा स्वस्तात मिळते. दोन्हींचं वजन मिळून पाऊण किलोच्या आसपास, आठ वर्षांच्या मुलाला पेलतं. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

तुम्ही न विचारलेला, पण खरा धोका सांगतो. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, लेन्स सूर्याचा प्रकाश थेट डोळ्यावर आणते. सूर्यास्ताचा फोटो हवाच असेल तर मागच्या स्क्रीनवर बघून काढायचा, तोही मोठं माणूस शेजारी असताना.