माशीच्या पायावर माणसाचा डोळा? नाही हो!

"शास्त्रज्ञांनी माणसाचं जनुक माशीत घातलं आणि माशीच्या पायावर माणसाचा डोळा उगवला! माणूस नि माशी ६०% एकच. आता इंजेक्शनने अंधांना दृष्टी, नेत्रदानाची गरज संपली." हा फॉरवर्ड सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय, गंगापूर रोडच्या सोसायट्यांपासून पार निफाडच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत. वर फोटो घरमाशीचा. प्रयोगातली माशी ड्रोसोफिला, म्हणजे पिचलेल्या द्राक्षांच्या क्रेटवर जमतात ती बारीक चिलटं.

आधी डोळ्याचं बघू, कारण त्यात निम्मं खरं आहे. चिलटाचं 'आयलेस' (म्हणजे 'बिनडोळ्यांचं') नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं की डोळे लहान राहतात किंवा येतच नाहीत, हे १९१५ पासून माहीत होतं. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत ते नको त्या जागी चालू केलं, तर पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर (डोक्यावरच्या मिशांवर) डोळे उगवले. मग त्यांनी उंदराचं पॅक्स-६, म्हणजे आयलेसचंच उंदरातलं जोडीदार जनुक, वापरून पाहिलं. (माणसाचं नव्हे. पण या जनुकापासून बनणारं प्रथिन दोघांत तंतोतंत सारखं, ४२२ अमिनो आम्लांचं, त्यामुळे एवढी चूक पोटात घालू.) डोळा तेव्हाही आला, पण माशीचाच! लालभडक, बारीक बारीक नेत्रिकांचा (छोट्या छोट्या डोळ्यांच्या जाळीचा). बाहुली नाही, बुबुळ नाही. पॅक्स-६ स्वतः डोळा बांधत नाही. ते डीएनएवर बसून दुसरी जनुकं चालू करतं. मुकादम बाहेरचा आणला तरी मजूर आणि माल माशीचाच होता.

६०% चं म्हणाल तर तो आकडा 'माशीत जोडीदार, म्हणजे मिळतंजुळतं जनुक, सापडणाऱ्या माणसाच्या जनुकांचा' आहे. जोडीदार म्हणजे जुळं नव्हे. पॅक्स-६ मध्येसुद्धा डीएनएला धरणारे दोन भाग ९०% किंवा त्याहून जास्त जुळतात, बाकीच्या भागात बराच फरक आहे.

इंजेक्शन? माणसात पॅक्स-६ च्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की अॅनिरिडिया नावाचा डोळ्यांचा विकार होतो. डोळ्यातला रंगीत पडदा जवळजवळ नसतोच, पुढे काचबिंदूही होऊ शकतो. पण जास्त झालं तरी पंचाईत: जादा प्रती दिलेल्या उंदरांचे डोळेही बिघडले. शिवाय हेच जनुक मेंदूत आणि स्वादुपिंडातही काम करतं. आपल्याकडे अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू. त्यावर साधी शस्त्रक्रिया आहे, तिथे जनुकाचं काय काम?

सगळ्यात घातक ती नेत्रदानाची ओळ. पांढरी पडलेली पारदर्शक पटलं (डोळ्याच्या पुढची काच, कॉर्निया) बदलायला आजही दात्याचीच पटलं लागतात आणि ती मृत्यूनंतर साधारण ६ तासांत काढावी लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करा.