शिंगरू पांढरं जन्मत नाही: लुसितानोच्या फॉरवर्डला उत्तर

गेला महिनाभर एक व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या, गाववाल्यांच्या आणि घोडेवाल्यांच्या अशा तिन्ही ग्रुपवर आळीपाळीने येतोय. पांढराशुभ्र घोडा, मान कमानीसारखी, जागच्या जागी पाय उचलत ठेका धरलेला. खाली मजकूर: ‘पोर्तुगालचा राजघोडा लुसितानो. जन्मतःच दुधासारखा पांढरा. 5000 वर्षांत रक्तात भेसळ नाही. बैलाला ठार मारणारा. शिकवावं लागत नाही, संगीत ऐकलं की आपोआप नाचतो. हेच घोडे पोर्तुगीजांनी गोव्यात आणले आणि मराठ्यांच्या घोडदळात त्यांचंच रक्त होतं.’

एरवी मी असल्या मजकुराला अंगठा दाखवून पुढे जातो. पण माझ्या मावसभावाने यंदा सारंगखेड्याहून दोन वर्षांची घोडी आणलीय आणि हा व्हिडिओ पाठवून विचारलंय, ‘दादा, आपली लग्नसराईपर्यंत अशी नाचेल ना?’ म्हणून हा खटाटोप.

आधी रंग. व्हिडिओ थांबवा आणि नाकपुडीच्या कडेला बघा. कातडी काळी आहे. सारंगखेड्याच्या बाजारात ज्याला आपण नुकरा म्हणतो, त्याची कातडी गुलाबी असते आणि तो पांढराच जन्मतो. व्हिडिओतला घोडा सब्जा आहे. सब्ज्याचं शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ) जन्मतं. मग डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस येतात, अंगावर राखाडी ठिपके उमटतात आणि वर्षागणिक घोडा पांढरा होत जातो. आपले केस पिकतात तसंच, फक्त फार लवकर. यामागचा जनुकीय बदल स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिला. त्याच बदलामुळे सब्ज्या घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली मेलानोमा या कर्करोगाच्या काळ्या गाठी येतात. 15 वर्षांपुढच्या बहुतेकांना त्या असतात. दुधासारख्या रंगाची ही किंमत मजकुरात कुणी लिहीत नाही.

शिवाय लुसितानो पांढराच असतो हेही खरं नाही. लिस्बनजवळ पोर्तुगालची सरकारी अश्वविद्येची शाळा आहे, 1979 मध्ये सुरू झालेली. तिथले स्वार अठराव्या शतकातला मखमली अंगरखा घालून प्रयोग करतात. त्यांचे घोडे कुठले? आल्तेर दो शांव गावातल्या राजघराण्याच्या पागेतले, 1748 साली राजा जुआंव पाचव्याच्या काळात उभ्या राहिलेल्या. आणि ते सगळे कुमैत. राजाचा घोडा शोधायचाच असेल तर तो तपकिरी निघतो.

याच पागेचा इतिहास ‘भेसळ नाही’ या वाक्याला पुरून उरतो. सुरुवातीच्या घोड्या आणल्या स्पेनच्या अंदालुसियातून. नेपोलियनच्या फौजांनी पाग लुटली. नंतर सुधारणेच्या नावाखाली अरबी आणि इतर परदेशी रक्त घातलं गेलं, त्याने जातीचा विचका झाला, मग पुन्हा स्पॅनिश रक्त आणून ती सावरावी लागली. 1910 मध्ये राजेशाही गेल्यावर तर पाग मोडीतच निघाली होती. रुय द आंद्राद नावाच्या पशुपालकाने मोजके घोडे-घोड्या पदरी ठेवल्या म्हणून आज आल्तेरचा घोडा दिसतो. मुळात 1960च्या दशकापर्यंत स्पेनचा आणि पोर्तुगालचा घोडा एकच इबेरियन घोडा म्हणून गणला जाई. त्या दशकात दोघांची स्टडबुकं, म्हणजे वंशावळीच्या नोंदवह्या, वेगळी झाली आणि पोर्तुगालने रोमन काळातल्या लुसितानिया प्रांतावरून आपल्या घोड्याला हे नाव दिलं. इबेरियात माणूस आणि घोडा यांचं नातं फार जुनं आहे, कोआ नदीच्या खोऱ्यात अश्मयुगातले कोरलेले घोडे आजही खडकांवर दिसतात. पण खडकावरचा घोडा म्हणजे वंशावळ नव्हे.

शुद्धतेची खरी काळजी आता घेतली जाते आणि ती कंटाळवाणी, कागदोपत्री आहे. जातिवंत आई-बापांच्या पोटी जन्मलं की शिंगराची नोंद होते. पण त्याला पुढे पैदाशीला लावायचं तर परीक्षक येऊन डोकं, मान, पाठ, पुठ्ठा, पाय, चाल असे वेगवेगळे गुण देतात. घोड्याला खोगिराखालीही चालवून दाखवावं लागतं. उंचीचा दाखला सहाव्या वर्षी: घोडा साधारण 1.60 मीटर, घोडी 1.55. एक गंमत मला फार आवडते. प्रत्येक वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं आणि त्या वर्षीच्या शिंगरांची नावं त्याच अक्षरावरून. लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरलेला रुबी 1998चा, टोकियोतला इक्वादोर 2009चा, फोगोझो 2010चा. नाव ऐकलं की जाणकार माणूस वय सांगतो, दात बघायची गरज नाही.

बैलाचं म्हणाल तर घोडा कुणालाही मारत नाही. पोर्तुगालच्या बैलझुंजीच्या रिंगणात बैलाला ठार मारायला 1928 पासून कायद्याने बंदी आहे (सीमेवरच्या बारांकुश गावाला 2002 मध्ये अपवाद मिळाला, तेवढाच). शिंगांवर चामड्याची टोपणं असतात. स्वार बैलाच्या पाठीत बाणासारख्या काड्या खुपसतो आणि शिंग घोड्याला लागू न देता निसटतो. घोड्याला शिंग लागलं तर ती स्वाराची नामुष्की. हे सगळं अहिंसक आहे असं मी म्हणत नाही, काड्या बैलाच्याच अंगात जातात आणि रिंगणाबाहेर नेल्यावर त्याला बहुधा कापतातच. मला तो खेळ बघवत नाही. पण या घोड्याची धिटाई, चटकन वळणं आणि इशाऱ्याबरोबर थांबणं कुठून आलं याचं उत्तर तिथेच आहे. भडक डोक्याचा घोडा त्या कामात एक दिवस टिकणार नाही.

गोव्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 1510 नंतर गोवा घोड्यांच्या व्यापाराची मोठी पेठ होती हे खरं, पण ते घोडे होर्मुझ आणि अरबस्तानातून समुद्रमार्गे यायचे आणि पोर्तुगीज त्यांच्यावर जकात घ्यायचे. लिस्बनहून गोव्याला गलबताला सहा-सहा महिने लागत. समोरच्या किनाऱ्यावर उत्तम अरबी घोडा मिळत असताना एवढ्या लांबून भरून कोण आणणार? मराठ्यांच्या घोडदळातल्या भीमथडीच्या तट्टांत बाहेरचं रक्त शोधायचं तर ते अरबी-तुर्की बाजूला शोधा.

आता नाच. एकाच व्हिडिओला तीन ग्रुपवर तीन गाणी लावलेली आहेत: एकावर ढोल, एकावर गिटार, एकावर हिंदी गाणं. तिन्हींवर घोडा तालात वाटतो. ताल आपला कान जुळवतो, आणि उरलेलं एडिटिंग करणारा. ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेला) 1996 पासून संगीतावरची फेरी असते, तिथेही आधी घोड्याची पावलं मोजतात आणि मग त्यावर संगीत बेततात. नुनो ऑलिव्हेरा हे पोर्तुगालचे गेल्या शतकातले थोर अश्वगुरू घोडे फिरवताना व्हेर्दीची ऑपेरा लावून ठेवत. ती त्यांच्यासाठी होती. घोड्याला ऐकायचं होतं ते स्वाराच्या बैठकीचं आणि लगामाचं.

त्या जागच्या नाचाला पियाफ म्हणतात. ती दुडकी चालच आहे, तिरप्या जोडीचे पाय एकदम उचलणारी, फक्त पुढे न सरकणारी. लुसितानोची पाठ आखूड, मागचे पाय सहज पोटाखाली येणारे, त्यामुळे त्याला ती इतरांहून सोपी जाते. मजकुरात खरं इतकंच. बाकी सगळं वर्षांचं काम. घोड्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वार बसतो आणि ग्रां प्री या सर्वात वरच्या दर्जाच्या स्पर्धेत 8 वर्षांच्या आतल्या घोड्याला उतरूच देत नाहीत.

नोव्हेंबरात पोर्तुगालमधल्या गोलेगांच्या घोड्यांच्या जत्रेत मी हे काम बघितलंय. सगळ्या गावभर भाजलेल्या चेस्टनटचा धूर, मैदानात धूळ, अगदी आपली सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा. मागच्या गल्लीत एक म्हातारा तरण्या घोड्याला भिंतीच्या कडेने घेऊन चालला होता. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात लांब छडी. छडीचं टोक मागच्या पायाला नुसतं टेकवलं, घोड्याने दोन पावलं उचलली, तिसरं चुकलं. म्हाताऱ्याने लगेच लगाम ढिला सोडला, खिशातून साखरेचा खडा दिला आणि घोड्याला तबेल्याकडे वळवलं. मी तासभर थांबायच्या तयारीने उभा होतो. दोन पावलांवर शिकवणी संपली.

वरातीतली घोडी नाचते तेव्हा काय दिसतं? तोंड उघडं, मान आकाशात, पाठ खचलेली, शेपूट सारखी फटकारतेय. ती पुढे जायला धडपडते, काटेरी लगाम तिला मागे खेचतो, आणि त्या ओढाताणीला आपण नाच म्हणून नोटा उधळतो. पियाफमध्ये पुठ्ठा खाली बसतो, पाठ वर येते आणि तोंड मिटलेलं असतं. पुढचा व्हिडिओ आला की गाणं बंद करून एवढंच बघा.

मावसभावाला मी फोन केला. लग्नसराई विसर, म्हटलं. अजून वर्षभर पाठीवर कुणाला बसवू नकोस, लांब दोरीवर सरळ चालायला शिकव. तो जरा नाराज झाला. मग विचारतो, ‘दादा, साखर चालेल की गूळ?’

गूळ चालेल.